चापाचे वजन

एक इवलीशी स्प्रिंग बदलली की रायफलीचा चाप हलका होतो, आणि चाप हलका झाला की नेम सुधारतो, अशी समजूत आहे. तिच्यातील अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा भाग मात्र जिवावर बेतू शकतो.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे जंगलपट्ट्यातील गाव. छत्तीसगडची सीमा येथून फार दूर नाही. नक्षलवादाच्या छायेत या परिसराने अनेक दशके काढली. अशा भागात गस्तीवर निघणाऱ्या पोलिस जवानाच्या हातात भरलेली रायफल असते. पावसाळ्यात निसरडी झालेली नाल्याची कड, पायात अडकणारी वेल, बांबूच्या बेटातून वाट काढताना बंदुकीला बसणारे हिसके आणि पुढे-मागे चार पावलांवर चालणारे सहकारी, या साऱ्यांतून ती रायफल न्यायची असते. पाय घसरला की माणसाची मूठ आपोआप आवळली जाते. त्या क्षणी बोट चुकून चापावर असेल, तर पुढचा अनर्थ टाळणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे चापाचा कठीणपणा.

आता दुसरे चित्र. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात अंतिम फेरी खेळत होता. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभ्याने अशा तीन स्थितींत गोळ्या झाडायच्या या प्रकारात त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. या प्रकारातील भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील कांस्यपदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक पदक होते. या प्रकारच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या रायफलींचा चाप इतका हलका असतो की, अजाण माणसाने त्यावर बोट टेकविताच गोळी सुटावी.

गस्तीवरील जवानाची रायफल आणि स्पर्धेतील नेमबाजाची रायफल यांच्या मुळाशी यंत्र एकच आहे. तरीही सैनिकी रायफलीचा चाप दाबण्यास साधारणपणे अडीच ते चार किलो वजनाइतका जोर लागतो, तर स्पर्धेच्या रायफलीला शंभर ग्रॅमच्या आसपास, क्वचित त्याहूनही कमी. म्हणजे एकीकडे दुधाच्या एक लिटरच्या तीन पिशव्या उचलण्याचा जोर, तर दुसरीकडे कोंबडीची दोन अंडी. एवढी तफावत का, हे समजून घेतले की स्प्रिंग बदलण्याच्या मोहातील धोकाही ध्यानात येतो.

घोडा, चाप आणि कडी

मराठीत बोलताना 'चाप' आणि 'घोडा' हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक ते दोन वेगळे भाग आहेत. बोटाने मागे ओढला जातो तो चाप. काडतुसावर प्रत्यक्ष किंवा पिनेच्या माध्यमातून आघात करतो तो घोडा. तोड्याच्या बंदुकीच्या काळात हे नाते उघड्या डोळ्यांनी दिसत असे. खालची पट्टी दाबली की जळता तोडा धरलेला आकडा रंजकाच्या वाटीत उतरे आणि बार उडे. तेथे चाप आणि पेटवण यांच्यात अडवणूक अशी नव्हतीच. हात जितका हलेल, तितका आकडा हले.

पुढे चकमकीची आणि ठासणीची बंदूक आली, तेव्हा घोडा स्प्रिंगच्या ताणाने सज्ज ठेवण्याची गरज निर्माण झाली. ताणलेला घोडा रोखून धरण्यासाठी एक छोटी कडी बसविण्यात आली. इंग्रजीत तिला सिअर म्हणतात. घोड्याच्या खाचेत कडीचे टोक अडकलेले असते. चाप दाबला की हे टोक खाचेतून निसटते, घोडा सुटतो आणि आघात होतो. आजच्या बहुतेक रायफलींत घोड्याऐवजी सरळ रेषेत धावणारा आघातदंड असला, तरी तत्त्व तेच आहे. ताणलेली शक्ती एका बारीकशा कडेवर तोललेली असते आणि बोटाचे काम फक्त ती कड सोडविण्याचे असते.

ही कड किती बारीक असते? घोड्याची खाच आणि कडीचे टोक यांचा एकमेकांवरील पगडा स्पर्धेच्या रायफलीत मिलिमीटरच्या अंशात मोजला जातो. रायफल आपोआप सुटू नये, याची सारी भिस्त पोलादाच्या या एवढ्याशा पृष्ठभागावर असते.

वजन येते कोठून?

चाप दाबताना बोटाला जाणवणारा विरोध एकाच ठिकाणाहून येत नाही. पहिला वाटा चाप पुन्हा जागेवर आणणाऱ्या स्प्रिंगचा. दुसरा वाटा कडीला खाचेत दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा. तिसरा आणि अनेकदा सर्वांत मोठा वाटा घर्षणाचा. आघात करणारी मुख्य स्प्रिंग पूर्ण ताकदीने घोडा पुढे ढकलत असते. तो दाब सोसत असलेल्या कडीचे टोक खाचेतून सरकवावयाचे म्हणजे पोलादावर पोलाद घासावयाचे. पृष्ठभाग खडबडीत असेल, तर विरोध वाढतो आणि चाप अडखळत सरकतो.

बाजारात मिळणारे बदली स्प्रिंगांचे संच बहुधा पहिल्या दोन वाट्यांवर काम करतात. मूळ स्प्रिंग काढून तिच्या जागी बारीक तारेची मऊ स्प्रिंग बसविली जाते. यातून काय साधते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, एखाद्या रायफलीचा चाप दोन किलोचा आहे आणि त्यातील चारशे ग्रॅम चापाच्या स्प्रिंगमुळे आहेत. निम्म्या ताकदीची स्प्रिंग बसविली, तर चाप एक किलोचा होत नाही, तो एक किलो आठशे ग्रॅमचा होतो. उरलेला भार कडीच्या स्प्रिंगचा आणि घर्षणाचा असतो. त्यामुळे स्प्रिंग बदलूनही समाधान न झालेला हौशी माणूस पुढे खाच घासावयास किंवा मुख्य स्प्रिंग मऊ करावयास निघतो. खरा धोका सुरू होतो तो येथून.

चांगल्या चापाची व्याख्या केवळ वजनावर होत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. चाप सुटण्यापूर्वी तो किती सरकतो, सरकताना अडखळतो काय, सुटल्यानंतर आणखी किती मागे जातो आणि प्रत्येक वेळी त्याच जोराला सुटतो काय, या चार गोष्टी नेमबाजाला वजनाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. एका वेळी ऐंशी ग्रॅमला आणि दुसऱ्या वेळी दीडशे ग्रॅमला सुटणाऱ्या चापापेक्षा दर वेळी अचूक एक किलोला सुटणारा चाप केव्हाही बरा. म्हणूनच अनेक रायफलींत दोन टप्प्यांचा चाप असतो. पहिल्या टप्प्यात बोट बराचसा भार उचलते आणि एका ठाम जागी येऊन थांबते. तेथून पुढे थोडासा जोर दिला की गोळी सुटते. जुन्या .३०३ लष्करी रायफलीतही अशीच दोन टप्प्यांची योजना होती.

दशांश मिलिमीटरचा हिशेब

हलक्या चापाने नेम सुधारतो, या समजुतीतील खरा भाग कोणता? बोटाने दिलेला जोर सर्वच्या सर्व चापात जिरत नाही. तो किंचितही तिरका पडला, तर रायफल बाजूला ढकलली जाते. एअर रायफलच्या स्पर्धेत निशाण दहा मीटरवर असते आणि दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा. समजा, चाप सुटताना रायफलीचे पुढचे टोक मागच्या टोकाच्या तुलनेत एका मीटर लांबीत एक दशांश मिलिमीटर हलले. दहा मीटरवर हा फरक एक मिलिमीटर होतो. निशाणावरील दोन वर्तुळांमधील अंतर अडीच मिलिमीटर असल्याने एवढ्याने ०.४ गुण जातात. पन्नास मीटरवर तोच फरक पाच मिलिमीटरचा होतो आणि सुमारे ०.६ गुण हातचे निसटतात.

स्वप्निलच्या अंतिम फेरीतील गुणांची सरासरी दर गोळीमागे साधारण १०.२६ होती, तर सुवर्णपदक विजेत्या चीनच्या लिऊ युकुनची १०.३०. जेथे पदकाचा रंग गुणाच्या शतांशांवर ठरतो, तेथे दशांश मिलिमीटरचा हिसकाही परवडत नाही. एअर रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत आणि चाप शंभर ग्रॅमचा ठेवण्यामागचे कारण हेच. जड रायफलीला हलका चाप हलवू शकत नाही.

परंतु या हलक्या चापाभोवती सुरक्षिततेची मोठी तटबंदी असते. नेमबाज मैदानावर एका जागी उभा असतो. नळी सदैव निशाणाच्या दिशेने असते. आज्ञा मिळाल्याखेरीज काडतूस भरता येत नाही. स्पर्धा संपली की नळीत रंगीत दोरी किंवा ध्वज घालून ती रिकामी असल्याचे दाखवावे लागते. रायफल हाती घेऊन कोणी पळत नाही, चढत नाही, घसरत नाही. चापाचा कठीणपणा जे काम करतो, ते येथे मैदानाची शिस्त करते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांतही हाच विवेक दिसतो. दहा आणि पन्नास मीटर रायफलीसाठी चापाच्या किमान वजनाची अट नाही. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीला मात्र दीड किलोची किमान मर्यादा आहे. एअर पिस्तुलाचा चाप पाचशे ग्रॅमहून हलका चालत नाही, तर २५ मीटर पिस्तूल प्रकारात ही मर्यादा एक किलोची आहे. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले ते या एक किलोच्या चापावर. तपासणीची पद्धतही साधी आहे. पिस्तुलाची नळी उभी धरून चापाला ठरावीक वजन अडकवितात आणि ते सपाट पृष्ठभागावरून उचलतात. वजन उचलले जाण्यापूर्वीच चाप सुटला, तर शस्त्र नियमबाह्य.

स्प्रिंग बदलली की काय बदलते?

स्प्रिंगची नेमणूक केवळ बोटाला विरोध करण्यासाठी नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गोळी सुटल्यानंतर चापाला आणि कडीला पुन्हा मूळ जागी आणून बसविणे, हे तिचे मुख्य काम. स्प्रिंग अतिशय मऊ झाली, तर कडी खाचेत पूर्ण शिरत नाही, ती नुसतीच कडेवर टेकून राहते. मैदानावर स्वच्छ, कोरड्या रायफलीत हे कदाचित वर्षभर जाणवणार नाही. पण तेल घट्ट झाले, आत धूळ वा काजळी साचली, रायफल भिंतीला टेकविताना आपटली किंवा बोल्ट जोरात बंद केला, तर ती कड निसटते आणि चापाला कोणी हातही न लावता गोळी सुटते. सेफ्टीचा खटकाही येथे हमखास तारील असे नाही. अनेक शस्त्रांत हा खटका केवळ चापाला अडवितो. कडीच निसटली, तर तो निरुपयोगी ठरतो.

मुख्य स्प्रिंग मऊ केल्यास वेगळाच प्रश्न उभा राहतो. घर्षण घटते आणि चाप हलका लागतो हे खरे, परंतु आघातही दुबळा होतो. काडतूस कधी पेटते, कधी पेटत नाही. कडी सुटल्यापासून आघात होईपर्यंतचा काळ लांबतो. चांगल्या रायफलीत तो काही सहस्रांश सेकंदांचाच असतो, पण तेवढ्या काळात हात हलतो. म्हणजे ज्या अचूकतेसाठी हा खटाटोप, तिलाच बाधा येते.

कडीच्या या नाजूक हिशेबात कारखान्यातही चूक होऊ शकते. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने २००६ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफली एप्रिल २०१४ मध्ये परत मागविल्या. चापाच्या जोडणीत वापरलेल्या चिकटद्रव्याचा जादा अंश राहून गेल्याने विशिष्ट परिस्थितीत गोळी आपोआप सुटण्याची शक्यता आढळली होती. चिकटद्रव्याच्या एका थेंबाने जे घडू शकते, ते अंदाजाने निवडलेल्या स्प्रिंगने घडणार नाही, असे कोण म्हणेल?

जड चाप म्हणजे सुरक्षितता?

मग चाप जितका जड, तितका तो सुरक्षित, असा निष्कर्ष काढावा काय? न्यूयॉर्क पोलिसांचा अनुभव तसे सांगत नाही. चुकून गोळी सुटू नये, म्हणून या दलाने आपल्या पिस्तुलांना जाणीवपूर्वक कठीण स्प्रिंग बसवून घेतल्या. मूळचा सुमारे अडीच किलोचा चाप त्यामुळे साडेपाच किलोच्या घरात गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीबाहेर एका सशस्त्र हल्लेखोरावर दोन पोलिसांनी सोळा गोळ्या झाडल्या. हल्लेखोर ठार झाला. पण गोळ्या आणि त्यांचे तुकडे लागून नऊ पादचारीही जखमी झाले. इतका जड चाप ओढताना पिस्तूल निशाणावरून ढळते, ही टीका तेव्हा जोराने पुढे आली. पुढे २०२१ मध्ये नव्याने भरती होणाऱ्यांना हलक्या चापाची पिस्तुले देण्याचे या दलाने ठरविले.

यातून निघणारा अर्थ असा की, चापाचे योग्य वजन असा एक आकडा नसतो. शस्त्र कोणाच्या हाती आहे, तो कोठे उभा आहे, आजूबाजूला कोण आहे आणि त्याचा सराव किती आहे, यांवर ते ठरते. जंगलातील जवानाला चार किलो जड वाटले, तरी ते त्याच्या सोबत्याच्या जिवाचे मोल असते. मैदानावरील नेमबाजाला तेच वजन निरर्थक ओझे असते.

कायद्याची बाजू

भारतात या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमानुसार बंदुका तयार करणे वा विकणे याप्रमाणेच त्यांत फेरफार करणे, त्यांची दुरुस्ती आणि चाचणी यांचा व्यवसायही परवान्याविना करता येत नाही. बंदूक बाळगण्याचा परवाना हा ती उघडून आत हवे ते बदलण्याचा परवाना नव्हे. पीकरक्षणासाठी बंदूक बाळगणारा शेतकरी असो की शहरातील हौशी नेमबाज, शस्त्र दुरुस्तीसाठी परवानाधारक कारागिराकडेच देणे कायद्याला आणि शहाणपणालाही धरून आहे. अशा कारागिराकडून काम करून घेतले, तरी शस्त्र परत घेताना ते रिकामे असल्याची खात्री करून, चाप न दाबता केवळ हिसक्याने वा बोल्ट आपटल्याने कडी सुटत नाही ना, याची चाचणी त्याच्याकडूनच करून घ्यावी.

स्पर्धेच्या रायफलींचा प्रश्न सोपा आहे. त्यांच्या चापाला वजन, टप्पे आणि सरकण्याचे अंतर कमी-अधिक करण्यासाठी कारखान्यातच स्क्रू दिलेले असतात आणि ते किती फिरवावेत, याची मर्यादा सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. त्या मर्यादेच्या आत राहणाऱ्याला वेगळी स्प्रिंग विकत घेण्याची गरजच पडत नाही.

बोटाचे शिक्षण

नेमबाजीच्या वर्गात नवख्या मुलांचे गुण वाढेनासे झाले की, पालकांचे लक्ष साहित्याकडे वळते. महाग चाप, नवी स्प्रिंग, हलकी ओढ. पण हलका चाप चुकीच्या सवयी दुरुस्त करीत नाही, तो त्या झाकतो. गोळी सुटणार या कल्पनेने डोळे मिटणे, खांदा आकसणे, बोट झटक्याने ओढणे, हे दोष जड चापावर लगेच उघडे पडतात. हलक्या चापावर ते दिसत नाहीत, आणि स्पर्धेच्या दडपणाखाली नेमके तेव्हा वर येतात. म्हणून काडतूस न भरता केलेला सराव हा नेमबाजीचा पाया मानला जातो. रायफल रिकामी आहे याची खात्री करायची, नेम धरायचा, श्वास स्थिर करायचा आणि बोटाचे टोक सरळ रेषेत, सावकाश मागे आणत राहायचे. शेकडो वेळा, हजारो वेळा.

अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे, २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळविणारी तेजस्विनी सावंत आणि २०२२ मध्ये कैरोला तो मान मिळविणारा रुद्रांक्ष पाटील, ही महाराष्ट्राची रायफल परंपरा याच संथ कामावर उभी आहे. दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेला स्वप्निल शातोरूच्या अंतिम फेरीत सुरुवातीला मागे होता. सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या उभ्या स्थितीत तो वर आला. त्या दिवशी अंतिम फेरीतील प्रत्येकाचा चाप हलकाच होता. वेगळे होते ते त्यावरचे बोट.

चिचगडच्या जंगलात निघालेल्या जवानालाही पहिला धडा बोटाचाच दिला जातो. नेम धरून गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापावर नाही, तर त्याच्या वर, रायफलीच्या अंगावर सरळ ठेवायचे. शंभर ग्रॅमचा चाप असो की चार किलोचा, हा नियम दोघांना सारखाच लागू आहे, आणि तो पाळण्यासाठी कोणतीही स्प्रिंग विकत आणावी लागत नाही.